खडूचं कडं

शेजारी दाराची चौकट बनते आहे. सागाच्या ताज्या भुशाचा वास आला आणि मला बाबांचा खराद आठवला. आर्णीला आमच्या घरापुढेच तो असायचा. त्यावर लाकूड फिरवून बाबा पाळण्याचे पाय आणि लाटणी काढत.

लाकूड खरादावर नीट मधोमध बसलं का, हे ते खडूनं बघत. फिरत्या लाकडाजवळ खडू हळूच न्यायचा. एकाच बाजूला खूण उमटली, तर ती बाजू बाहेर आली आहे, तिकडून हलकं ठोकायचं. सगळीकडून सारखं कडं उमटलं, की लाकूड बसलं.

एके दिवशी खूण एका बाजूला उमटली. बाबांनी ठोकलं. मग ती दुसरीकडे उमटली. शेवटी त्यांनी खूण पुसली आणि काहीही न ठोकता लाकूड तसंच पुन्हा फिरवलं. खूण तिसरीकडेच आली.

"लाकूडच वाकडं असन," आई म्हणाली.

"लाकूड नाई व. माहा हात हालून राह्यला." बाबांनी खडू माझ्याकडे दिला. "धर व माय, तू पाह्य."

मी श्वास रोखून खडू टेकवला. पूर्ण कडं उमटलं. मी हसून शाबासकीची वाट बघत उभी राहिले. बाबांनी त्या कड्याकडे पाहिलं. मग त्यांनी खराद फिरवणारा पट्टा उतरवून खुंटीला टांगला.

तो पुन्हा कधी चढला नाही. माझं पहिलंच कडं बरोबर आलं, एवढंच मला तेव्हा कळलं होतं.