मधल्या जागेवरची पृथ्वी

लोकांची मुलं पहिल्या पगारातून आईला साडी आणतात. आमच्याने पृथ्वी आणली. इंग्रजी सी अक्षरासारखी एक काळी चौकट, आणि तिच्या पोटात कशालाही न टेकता तरंगणारा, नारळाएवढा गोल. मी सुरंगी गावच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, तोही खिळ्यावर करकरत फिरणाऱ्या पृथ्वीगोलावर, म्हणून माझ्यासाठी ही खास भेट. मी तोंडदेखलं ‘छान आहे’ म्हटलं.

पण मुलगा पुण्याला परत गेल्यावर तो गोल माझ्या हातून तरंगेल तर शपथ. जरा वर नेला की टाळकन् वरच्या दांडीला चिकटायचा, जरा खाली घेतला की धप्पकन् पडायचा. दुकानदाराने तुला फसवलंय, असं मी मुलाला फोनवर सांगूनही टाकलं. त्यावर आमचे हे मागून म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

हे मूळचे धुळ्याकडचे. सिल्वासात धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागले आणि इथलेच झाले. मी रत्नागिरीकडची. जवळच्याच सामरवरणीतल्या आमच्या घरात त्यांची अहिराणी, माझी कोकणी वळणाची मराठी आणि शेजारणीची गुजराती अशा तिन्ही भाषा सुखाने नांदायच्या. बारीकसारीक भांडणं मात्र मी शुद्ध मराठीत करायची, म्हणजे त्यांना उत्तर शोधायला वेळ लागे.

त्या संध्याकाळी ते ड्यूटीवरून आले, चहा घेतला आणि गोल समोर ठेवून बसले.

“वरच्या दांडीत कॉइल शे आणि गोलाच्या डोक्यात चुंबक शे,” ते म्हणाले. “नुसतं चुंबक काय करतं? जवळ गेलं की ओढून घेतं, लांब गेलं की सोडून देतं. मधमा थांबत नाही. म्हणून इथं सेन्सर बसवलाय. गोल वर सरकला की करंट कमी, खाली सरकला की करंट जास्त. सेकंदात शेकडो वेळा.”

मला काही कळलं नाही, हे माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं असावं. “आमच्या मशीनवर धाग्याचं तेच,” ते म्हणाले. “ताण वाढला की मोटर हळू, ढील पडली की जोरात. म्हणून धागा तुटत पण नाही नि लोंबत पण नाही.”

सांगणं सोपं होतं. त्यांनाही पहिल्या झटक्यात काही जमलं नाही; गोल टेबलाखाली गेला, सोफ्याखाली गेला, आणि मी तोंडाला पदर लावून हसले. मग केव्हातरी त्यांचा हात एका जागी थांबला. “घाई नको करू. हात ढिला सोड. मधमा एक जागा शे, तिथं गोल हलका लागतो,” असं ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. त्यांनी बोटं काढून घेतली आणि गोल तिथेच राहिला. त्यांनी त्याला अलगद टिचकी मारली तसे आफ्रिका, अरबी समुद्र, आपण, सगळे हळूहळू फिरायला लागले. कबूल करायला जड जातं, पण दुकानदाराने फसवलं नव्हतं.

वीज गेली की पृथ्वी पडायची. कॉइलमधला करंटच गेला, तर धरणार कोण? मी खाली कापडाची एक चुंबळ करून ठेवली, म्हणजे टवका उडायला नको. वीज आली की हे जेवता जेवता उठायचे, हात धुवायचे आणि ती परत जागेवर लावून यायचे. मी नंतर प्रयत्नच सोडला. खरं सांगायचं तर मला त्यांना लावताना बघायला आवडायचं. जागोजागी भाजल्याचे डाग असलेले ते राठ हात, आणि त्यात बाळाचं डोकं धरावं तसा धरलेला तो गोल.

एका खंडेनवमीला त्यांनी पाटावर हत्यारं मांडली होती: पकड, टेस्टर, पाने. मी म्हटलं, हेही यंत्रच आहे, यालाही हळदकुंकू हवं. चौकट पाटावर आणली, वायर जोडून, पृथ्वी तरंगती ठेवून. पकडीला कुंकू लावलं आणि ती चौकटीला टेकवून उभी करायला गेले. हे “थांब” म्हणेपर्यंत पृथ्वीने जागा सोडली आणि खाडकन् पकडीला जाऊन चिकटली. उत्तर ध्रुवापासून रशियापर्यंत कुंकू फासलं गेलं. हे हसता हसता खाली बसले. “पृथ्वीला सवाष्णच करून टाकलंस,” म्हणाले. मी रागावून आत गेले आणि आत जाऊन मीही हसले.

ते गेले त्याला आता वर्ष होत आलं.

तेव्हापासून मुलाचा एकच धोशा: घर विकू, तू पुण्याला चल, एकटी कशी राहशील? फ्यूज उडाला तर काय करशील? मला हे घर सोडायचं नव्हतं. म्हणून मी फ्यूज बदलायला शिकले. दिवे-पंख्यांपुरत्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला शिकले, गीझरचं बटण आणि टाकीची मोटर सांभाळायला शिकले. पृथ्वी तेवढी चुंबळीत पडून होती. ते गेल्यावर पहिल्यांदा वीज गेली तेव्हा पडलेली.

दिवाळीत मुलगा आला. त्याचं लक्ष तिच्याकडे गेलंच. “बघ आई, हेसुद्धा बाबांच्या मागे तसंच पडलंय. घराचंही असंच होईल.”

राग माझ्या नाकावरच असतो. “हे लावून दाखवलं तर विकायचं नाव काढणार नाहीस?”

“नाही काढणार,” तो हसून म्हणाला. त्याला माझा हात माहीत होता.

टाळकन् वर. धप्पकन् खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. त्याचं हसू मावळलं. “राहू दे आई,” तो हळूच म्हणाला. मला रडू फुटेलसं वाटलं, कारण आता पैज उरली नव्हती, घरच जात होतं. मी डोळे मिटले आणि बोटं सैल सोडली. गोल जड होता, जड होता, आणि मग एकाएकी हलका लागला. मी हात काढून घेतला.

डोळे उघडले तर मुलगा पृथ्वीकडे बघत उभा होता. तो म्हणाला, “बरं. राहा तू इथेच.”

मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याला धरून रडले. त्याला बाहेर वाटलं असेल, जिंकल्याचा आनंद. या घरात त्यांच्यावाचून अडणारं तेवढं एकच काम उरलं होतं, आणि ते मी आताच माझ्या हाताने संपवलं होतं.