पिकअप बदलायचा होता, बदलायची नव्हती

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात, भीमजयंतीच्या आधल्या आठवड्यातल्या मंगळवारी, भरदुपारी, नवा जिल्हा मागणाऱ्या आमच्या कृती समितीच्या बैठकीत. बहीण त्या बैठकीत नव्हती. मीही नव्हते. आम्ही दोघी त्या वेळी नांदेडला, वाद्यांच्या दुकानात, काउंटरवर उलट्या ठेवलेल्या गिटारकडं बघत उभ्या होतो. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं गोष्ट रंगवली.

बहिणीला मी आक्का म्हणते. आक्का इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याची जुनी गिटार तिनं घेतली होती आणि त्यावर ती जयंतीची गाणी हार्ड रॉकमध्ये वाजवायची. आवाज मुद्दाम फाडून, घाटात ट्रक चढावा तसा. वस्तीतल्या म्हाताऱ्या आधी कानावर हात ठेवायच्या, मग मान डोलवायच्या. एकटी पोरगी स्टेजवर उभी राहून एवढा आवाज काढते हेच पुष्कळांना पचत नव्हतं. ज्यांना पचत नव्हतं ते सगळे वस्तीबाहेरचे होते असं मी म्हणणार नाही.

आमचं तालुक्याचं गाव लातूर जिल्ह्याच्या पार टोकाला. कलेक्टर कचेरी लातूरला, पण बाजार, दवाखाना, गिटारच्या तारा, सगळं नांदेडला, लोह्यावरून. म्हणूनच तर जिल्हा पाहिजे होता. समितीची पत्रकं मी लिहायचे. त्या वर्षी दुष्काळ पडला तेव्हा समितीनं पाणीवाटपही हातात घेतलं. मागण्या दोन, धरण्याचा मंडप एक. प्लास्टिकची मोठी टाकी बसवलेली एक पिकअप गाडी रोज सकाळी आमच्या बौद्ध वस्तीत यायची. वस्तीतला हातपंप कधीच कोरडा पडला होता. त्या गाडीवर आमची घरं जगत होती, यात अतिशयोक्ती नाही.

आता दुसरा पिकअप. गिटारच्या तारांखाली चुंबक असतो, त्याभोवती केसाइतकी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची तार थरथरली की तेवढीच वीज खाली हलते आणि स्पीकरपर्यंत जाते. त्या वस्तूचंही नाव पिकअप. आक्काच्या गिटारमधले पिकअप एकेरी गुंडाळीचे होते. ते तारांचा आवाज पकडायचे तसाच ट्रान्सफॉर्मरचा, ट्यूबलाइटचा, शेजारच्या मोटारीचाही पकडायचे. सारखी घूंऽऽ अशी घरघर. आक्का अंगणात गिटार घेऊन गोल फिरायची; एका ठरावीक दिशेला तोंड केलं की घरघर कमी व्हायची. तिकडं भिंत होती. बहीण भिंतीकडं तोंड करून वाजवायला शिकली.

त्या उन्हाळ्यात गिटार आपोआप शांत झाली. आम्हाला वाटलं, सुधारली. नंतर लक्षात आलं, आजूबाजूच्या विहिरी आटल्या होत्या आणि सगळ्या मोटारी बंद पडल्या होत्या. गिटारला काहीच झालं नव्हतं. गावाला झालं होतं.

मंडपात जनरेटर लागला आणि घरघर परत आली. धरण्याला बसलेल्या माणसांना करमणूक झाली.

"पोरी, पेटीत भुंगा शिरला का गं?"

"भुंगा न्हाई बाप्पा, जिल्हाच घोरून राहिला आतमधी!"

आक्काही हसली. पण जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर जनरेटरशेजारीच उभं राहून वाजवायचं होतं. भिंतीकडं तोंड करून नाही, लोकांकडं तोंड करून. त्यासाठी पिकअप बदलणं भागच होतं.

म्हणून मंगळवारी नांदेड. दुकानदार तरुण होता, सोल्डरिंगच्या धुरात बसलेला. त्यानं आधी सांगितलं, घरघर मारायची तर दुहेरी गुंडाळीचा घ्या. दोन गुंडाळ्या उलटसुलट असतात, बाहेरची घरघर एकीची दुसरी खाऊन टाकते, तारांचा आवाज तेवढा राहतो. पण मोठ्या मापाचा बसवायचा तर गिटारचं लाकूड कोरावं लागेल.

"कोरू का आपा? दमदार आवाज येईल."

"लाकडाला हात लावायचा न्हाई," आक्का म्हणाली. "या खाचेत मावंल असा दाखवा."

खाचेत मावणारे दुहेरी पिकअप दोन निघाले. एकात सिरॅमिकचा चुंबक, एकात अल्निको नावाच्या मिश्रधातूचा. त्यानं दोन्ही आळीपाळीनं चिमट्यांनी जोडून दिले. सिरॅमिकवाल्यावर आक्कानं हात मारला तेव्हा काउंटरवरची काच थरथरली. मला तोच आवडला. मंडप हादरला पाहिजे, हे माझं मत. पत्रक लिहिणाऱ्या माणसाचं दुसरं काय मत असणार!

आक्कानं एक अख्खा कॉर्ड, म्हणजे सहाही तारा एकदम, वाजवला, आवाज पूर्ण फाडून, आणि कान तिरका केला. मग दुसऱ्यावर तोच कॉर्ड. परत पहिल्यावर. बराच वेळ.

"ह्याच्यात सगळ्या तारा मिळून एकच बोंब होते," ती सिरॅमिकवर बोट ठेवून म्हणाली. "त्याच्यात बोंब हाय, पर सहाच्या सहा येगळ्या कळतेत. आवाज फाटू दे. तार हरवाया नको."

"पब्लिकला कुठं कळतंय आपा?"

"मला कळतंय की."

अल्निकोवाला ठरला. ब्रिजपाशी, तारा खाली अडकवतात त्या पट्टीजवळ, जिथून हार्ड रॉकचा खरा मार निघतो, तिथं. पुढचे दोन जुनेच ठेवले. डाग द्यायला वेळ लागणार होता आणि मंडपात त्याच संध्याकाळी वाजवायचं कबूल केलं होतं. म्हणून आक्कानं तिथूनच समितीच्या सचिवाला फोन लावला. मी शेजारीच होते. तिचे शब्द असे: "दादा, आज जमत न्हाई. माझा पिकअप बदलायचाय. उद्या येते."

बदलायचाय. शेवटची अक्षरं लक्षात ठेवा. आमच्याकडं पाण्याची पिकअप 'येते', 'जाते', 'पंक्चर होते'. ती बाई आहे. गिटारचा पिकअप पुरुष आहे. गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा 'पिकअप आला' म्हणत नाही.

संध्याकाळी एसटीतून उतरून वस्तीत आलो तर विहारापुढं बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. सकाळी उशीर होईल असा निरोप होता, दुपारपर्यंत वाट पाहिली, गाडी आलीच नाही. आमची चुलती उठली. तिनं आक्काच्या खांद्यावरच्या पिशवीकडं पाहिलं.

"आली का गं माय पेटी दुरुस्त करून? पिकअप आली न्हाई आज. तूच बदलाया सांगितली म्हणं."

आक्काला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मंडपात गेलो. सचिवानं स्वतःच सांगितलं, कारण त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. फोन आला तेव्हा बैठक चालू होती, वरच्या गल्लीतले शेतकरी आम्हाला गाडी कमी पडते म्हणून भांडत होते. यानं फोन ठेवला आणि म्हणाला, बौद्ध वस्तीचा फोन होता, त्यांची पिकअप बदलायचीय. अध्यक्ष म्हणाले, मग बदला की. टाकीची गाडी वरच्या गल्लीला लागली. वस्तीला 'दुसरी बघू' असं ठरलं.

"गिटारचा, दादा," आक्का म्हणाली. "गिटारचा पिकअप."

तिनं गिटार काढून दाखवली. मग अध्यक्ष हसले. मग मंडप हसला. एक जण तर मांडी थोपटून हसला. "अगं हाव! आन् आम्ही गाडीच बदलली की!" मीही हसले असेन. चूक होती, कळली, संपली, असंच मला त्या क्षणी वाटलं.

"मग आज गाडी आमच्याकडं पाठवा," मी म्हणाले.

अध्यक्षांचं हसू हळूच विरलं. "आता त्या गल्लीला सांगून झालंय. लोक चिडतेत. जिल्ह्याचं आंदोलन हाय, खामखा फूट नको. जयंती होऊ द्या."

"पण तिनं मागितलंच नव्हतं!"

"फोन तर तुमच्याच पोरीनं केला ना?"

ऐका हे वाक्य. हसण्याआधी चूक होती, हसून झाल्यावर त्या चुकीचाच निर्णय झाला. एका काळ्या डोक्याच्या माणसानंही मान वर करून 'चा' आणि 'ची' मधला फरक सांगितला नाही. मी पुढच्या पत्रकाच्या मसुद्यात एक ओळ घातली: वस्तीनं गाडी बदलायला सांगितलेलं नाही. छापून आलं त्यात ओळ नव्हती. उरलेलं पत्रक माझ्याच शब्दांत, पाण्यावाचून एकही घर ठेवणार नाही म्हणून गर्जत होतं. त्यानंतर त्यांच्यासाठी मी एक शब्द लिहिला नाही.

वस्तीनं मळ्यातली जुनी विहीर धरली. पाणी पार तळाला, गढूळ. दोर लांब, पोहरा जड. वस्तीत आक्काला कुणी शिवी दिली नाही, पण दोर ओढायची पाळी आली की बायका बाजूला सरायच्या आणि जागा तिला द्यायच्या. ती घ्यायची. दोन्ही हातांनी ओढायची, स्वतःच्या घराची घागर भरली तरी थांबायची नाही. मी दोर हातातून काढून घ्यायला गेले तर म्हणाली, "सोड. माझ्या नावावर हाय ना हे."

जयंतीच्या सकाळी तिनं गिटार लावली. ट्रकवर जनरेटर धडधडत होता आणि गिटारमध्ये घरघरीचा लवलेशही नव्हता. एवढी स्वच्छ शांतता मी त्या गिटारमधून कधी ऐकली नव्हती. आक्कानं डावा हात तारांवर ठेवला, दाबला आणि उचलला. बोटांची टोकं दोरानं सोलली होती. तारेवर ओलं लागलं. तिनं पुन्हा दाबलं. कॉर्डचे तीनच स्वर निघाले, बाकीच्या तारा खट् करून मेल्या. अल्निकोनं इमान राखलं. प्रत्येक मेलेली तार वेगळी ऐकू आली.

ती ट्रकवरून उतरली. मिरवणूक डीजेवर गेली.

बोटं पुढं भरून आली. गिटार तिनं परत गळ्यात घातली नाही. ती आता पुण्यात नोकरी करते, गिटार माझ्या खोलीत आहे. जिल्हा अजून झालेला नाही. गावात अजूनही कुणी तिचं नाव काढलं की म्हणतात, तीच ना, वस्तीची पिकअप बदलायला लावणारी?

आता तुम्ही. त्या बैठकीत तुम्ही असाल, तर उद्या मंडपाच्या जागी चार माणसांत उभं राहून म्हणा, ती 'बदलायचा' म्हणाली होती. नसाल, तर तुमच्या दारात पाण्याची गाडी येते तेव्हा आधी ड्रायव्हरला विचारा, ही आधी कुठं जायची आणि तिथून का काढली. उत्तर येईपर्यंत हंडा भरू नका.