दोन नावांचा अर्ज

मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला त्याला फार दिवस झाले नव्हते. आमच्या ऑफिसातल्या छापील फॉर्मांवर अजून जुन्याच राज्याचं नाव होतं. ते खोडून वर नवं लिहिणं हे माझं सकाळचं पहिलं काम. मी तेवीस वर्षांची होते. बाबा गेल्यावर घरात आई आणि मी दोघीच उरलो, म्हणून कारकुनी धरली होती. ज्यांना भटजीशिवाय, कायद्यानं लग्न करायचं असेल त्यांचे अर्ज माझ्या खिडकीवर यायचे. महिन्याला चार-पाच.

एका दुपारी खिडकीत बाई उभ्या दिसल्या. बाई म्हणजे मला पाचवी ते सातवी मराठी शिकवलेल्या. आमच्याच गल्लीत, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या, म्हणजे होळकरांच्या समाध्यांच्या, मागे राहायच्या. त्यांच्याबरोबर सिस्टर होती. ती देपालपुरकडची, इस्पितळात नर्स. दोघी दहा-बारा वर्षं एकाच खोलीत राहत होत्या आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

"फॉर्म दे गं," बाई म्हणाल्या. "लग्नाचा."

"कुणाचं लग्न, बाई?"

"आमचं."

मला वाटलं, दोघींनी स्थळं ठरवली आणि घरी सांगितलं नाही. मी म्हटलं, "दोन फॉर्म लागतील मग. नवरदेव कुठं आहेत?"

"नवरदेव नाहीत. आम्हीच दोघी. एकच फॉर्म."

मी हसले. अगदी मोठ्यानं. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टनं मान वर केली. हसू थांबलं तेव्हा बाईंचा चेहरा पाहिला. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांनी पिशवीतून कायद्याचं पुस्तक काढलं, खुणेचं पान उघडलं आणि वर्गात वाचायच्या तशा आवाजात वाचून दाखवलं: हे लग्न कोणत्याही दोन व्यक्तींमध्ये होऊ शकतं. "व्यक्ती म्हटलंय. आम्ही व्यक्ती नाही?"

"पण पुढं वयाच्या अटीत पुरुष आणि स्त्री लिहिलंय, बाई."

"ते वयाचं आहे. आमची दोघींची वयं केव्हाच होऊन गेली."

साहेब आतून आले. ते जबलपूरकडचे, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बहनजी, मज़ाक का टाइम नहीं है. जाइए." बाईंनी विचारलं, "हेच लिहून द्याल?" साहेब पाठ फिरवून आत गेले. जाता जाता सिस्टर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तू इथं आहेस म्हणून आलो होतो."

घरी मी आईला काही सांगितलं नाही. काय सांगणार? दोन-तीन दिवस नीट जेवण गेलं नाही. जिला बारा वर्षं 'सिस्टर, सिस्टर' म्हणत होते, ती कोण होती हे मला माहीतच नव्हतं, असं काहीतरी वाटत होतं.

पंधरा दिवसांनी दोघी पुन्हा आल्या. या वेळी साध्या कागदावर अर्ज होता आणि त्याला जोडलेलं एक निवेदन. त्यात लिहिलं होतं की खाली सही करणारे आम्ही या दोघींचे शेजारी आहोत, त्यांचं घर एक आहे हे आम्ही जाणतो, आणि त्यांच्या लग्नाला आमची हरकत नाही. खाली एकवीस सह्या. पहिली होळकरांच्या फौजेतल्या म्हाताऱ्या हवालदारांची, एक शिंप्याचा अंगठा, गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, सही. मी बोट खाली नेत गेले. चौथ्या ओळीवर थांबले.

माझ्या आईची सही होती.

तिचं ते तिरकं अक्षर, शेवटच्या अक्षराला ओढलेली लांब रेघ. दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. जिनं वैधव्य आल्यापासून देवळाशिवाय कुठं पाऊल टाकलं नव्हतं, ती माझ्याच घरात बसून हे करत होती. सगळ्या गल्लीला माहीत होतं. मलाच नव्हतं.

संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या विचारलं, "सही कुणी करायला लावली तुला?"

आई तांदूळ निवडत होती. "लावली मतलब? कागद घेऊन मीच फिरले घरोघर. बाईंना लाज वाटत होती मागायला."

"आई, तुला कळतंय का हे काय आहे?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय." तिनं सूप खाली ठेवलं. "बाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा फॉर्मवर नातेवाइकाची सही पाहिजे होती. सिस्टर तिथंच उभी. म्हणाले, तुम्ही कोण लागता? दोन दिवस बाई कळवळत पडल्या, उज्जैनहून भाऊ येईस्तोवर. ज्यानं सात वर्षांत पत्र टाकलं नव्हतं, तो आला, सही केली, चहा प्याला आणि निघून गेला. आणि तुझ्या बाबांच्या शेवटच्या दिवसांत रोज ड्युटी संपवून त्यांचं अंग पुसायला कोण यायचं? तेव्हा तू विचारलंस का, ही कोण लागते?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हसलीस म्हणून," आई म्हणाली. "बाईंनी मला सांगितलं. मला खरं वाटेना."

त्या वाक्यानं मला जे झालं ते सहीनं झालं नव्हतं. माझी आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कुणी परकी होते.

दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली. मोठी नाही. अर्ज अजून माझ्याच ट्रेमध्ये होता. आवक रजिस्टर उघडलं, अर्जाला नंबर चढवला, शिक्का मारला. एकदा नंबर पडला की कागदाला लेखी उत्तर द्यावं लागतं. तोंडी 'जाइए' चालत नाही.

"ये किसने चढ़ाया?" साहेब ओरडले.

"मैंने, सर."

त्यांनी कायद्याचं पुस्तक मागवलं. ते पान त्यांनी तीनदा वाचलं असेल. "लिखा तो यही है," ते स्वतःशीच पुटपुटले. आणि लगेच मला समोर बसवून नकाराचा मजकूर सांगायला लागले. तो मीच टाइप केला. अक्षरं चुकत होती, कागद दोनदा बदलावा लागला.

उत्तर घेऊन मी स्वतः बाईंकडे गेले. त्यांनी उभ्यानंच वाचलं आणि सवयीनं पेन्सिलीनं एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. मी रडायला लागले. सिस्टरनं कागद घेतला, उलटून पाहिला. "'नी' तो लिख दियो," ती तिच्या माळवीत म्हणाली, "पण देख, सरकारी कागद पे दोई नाम साथे लिख्या है."

त्या नकारावर वरच्या कोर्टात जाता येत होतं. आई आणि हवालदार त्यांच्याबरोबर तीन वकिलांकडे गेले. दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्यानं कागद ठेवून घेतले, आणि नंतर कळलं की तो ते मित्रांना वाचून दाखवून हसवत होता. तोवर अपिलाची मुदत गेली. पण बातमी शाळेत पोचली होती. मुख्याध्यापिकांनी बाईंना सांगितलं, अर्ज चुकून केला असं लिहून द्या, नाहीतर राजीनामा. आई ते निवेदन घेऊन शाळेत गेली, दोन तास बाकावर बसली. तिला आत बोलावलंच नाही. बाईंनी राजीनामा लिहिला. एकाच वाक्यात.

सिस्टरला देपालपुरच्या दवाखान्यात जागा मिळाली. सामान लादलं तेव्हा गल्लीतली बरीच मंडळी मोटार स्टँडवर आली होती. आमच्या शेजारच्या घरातलं कुणी आलं नाही. त्यांनी सही केली नव्हती आणि आईशी बोलणं टाकलं होतं.

वर्षभरानं मी देपालपुरला गेले. बसमध्ये सगळा वेळ मनात घोकत होते: कुणी विचारलं तर सांगायचं, दोघी बहिणी आहेत. लहान गाव, उगाच त्रास नको. बाजारात एका धान्याच्या दुकानावर पत्ता विचारला. "वो सिस्टरजी और मास्टरनीजी, दोनों बहनें..."

दुकानदार गहू मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "बहनें नी है, बेटा. ब्याव हुयो है दोई को. सिस्टरजी ने पेले दिन ही सबको बता दियो थो. वो नीम के पास, हरा दरवाज़ा."

ब्याव. लग्न. मी तिथंच उभी राहिले. त्यानं पुन्हा दिशा दाखवली, मला ऐकू आलं नाही असं वाटून.