अळणीचं झाकण

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तिला मिरजगावहून सुप्याला माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नाही, चिकन सूप द्या. घरात आम्ही दोघीच, आणि मी दिवसभर कंपनीत. म्हणून मोठ्या हौसेने विजेवरचा स्लो कुकर मागवला. सकाळी सगळं आत टाकायचं, बटण फिरवायचं, दुपारी सूप तयार. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

आईला त्यात नवीन काही दिसलं नाही. "आगं, ही तर अळनी," ती म्हणाली. आमच्याकडे कोंबडी शिजली की मसाला पडायच्या आधी हळद-मिठाचा रस्सा वाटीत काढून ठेवतात. आजारी माणसाला आणि पोरांना तो पहिला. मीठ असूनही त्याला अळणी का म्हणतात, हे मी कधी विचारलं नाही. परसातल्या चुलीवर आई ती करायची, तेव्हा सारखी झाकण उचलून वास घ्यायची आणि त्यावरून लाकूड आत सारायची किंवा मागे ओढायची.

पहिल्या दिवशी तिने माझ्या कुकरचंही तेच केलं. वॉकर धरून ओट्यापाशी जायची आणि झाकण उचलायची. मी संध्याकाळी आले तर मांस हाडाला चिकटलेलं. मी भडकले. "आई, ही चूल नाही! उघडलं की आतली सगळी ऊब जाते. उद्यापासून मी फोन करीन तेव्हाच झाकण उघडायचं. अजिबात हात लावायचा नाही."

ती "बरं" म्हणाली. आयुष्यभर अख्ख्या भावकीच्या जेवणाचा अंदाज नुसत्या वासावर बांधणारी बाई, आणि मी तिला झाकण कधी उघडायचं ते शिकवत होते.

दोन दिवस सूप छान झालं. तिसरा दिवस गुरुवार. मी निघताना ती म्हणाली, "आज गुरुवार, लाईट जाती ना हितं?"

"दर गुरुवारी थोडीच जाते," मी चपला घालता घालता म्हणाले.

त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं. मोबाईल लॉकरमध्ये, आणि जनरेटर असल्यामुळे आम्हाला लाईट गेल्याचं कळतही नाही. दुपारचा फोन मी साफ विसरले.

साडेसहाला घरी आले. आई ओट्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, मोबाईल मांडीवर. कुकर थंडगार. मी झाकण उघडलं तर आंबूस वास आला.

"लाईट कधी गेली?"

"तू गेल्यावर घटकाभरानं. आत्ता आली."

"मग तू जेवलीस काय?"

"न्हाई. तूच म्हनली व्हतीस ना, फोन करीन तवाच उघड." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "कामात असशील म्हनून मी बी फोन केला न्हाई."

डब्यात भाकरी होती, फ्रीजमध्ये दूध होतं. पण जेवण म्हणजे ते सूप, आणि सूप माझ्या हुकमात. मी ते सगळं ओतून दिलं आणि तिला दूध-भाकरी कुस्करून दिली. मला तिची माफी मागायची होती. मी लाईटवाल्यांना शिव्या घालत बसले.

आता ती बरी आहे, गावी हिंडते-फिरते. पण माझ्याकडे आली की स्वयंपाकघरात तिचा हात अडखळतो. भाताचं पातेलं असो, साखरेचा डबा असो, आधी मला विचारते, "उघडू का गं?"

मी म्हणते, "अगं आई, विचारतेस काय?" तरी पुढच्या वेळी विचारतेच.

लहानपणी मी चुलीपाशी बसून दहादा त्या पातेल्याचं झाकण उचलायचे. तिने एकदाही हात धरला नाही. "पोळंल गं," एवढंच म्हणायची, आणि पहिली वाटी मला द्यायची.