आरतीची कवळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय — कोण जाणे.

वसमतला माझा दातांचा दवाखाना आहे. म्याडमचा हात हलका, असं लोक म्हणतात. मला ते ऐकायला फार आवडायचं. आवडायचं? खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतं.

आरती सात वर्षांची असताना वडिलांबरोबर आली. औंढ्याकडच्या एका खेड्यातली. केस विरळ, आणि हिरड्यांत जन्मापासून दातांचे कोंबच नाहीत, दोन टोकदार सुळे तेवढे. हा दोष वंशातून येतो. तिच्या आत्यालाही होता. पोरगी बोलायचीच नाही. बोललीच तर तोंडावर हात. मी तिला कवळी करून दिली — इवलीशी. ती घालून तिने आरशात पाहिलं आणि शाळेतली कविता घडाघडा म्हणून दाखवली. वडील रडले. मीही.

महिन्याभराने हिरडीला टोचतं म्हणून दोघं परत आली. काम किरकोळ, कड घासायची. वडील बाहेर बाकावर बसलेले. मी घासत होते आणि — हो, फोनवर बोलतही होते, मान वाकडी करून. कवळी हातातून निसटली. फरशीवर दोन तुकडे.

आवाज ऐकून वडील आत आले. आणि मी काय म्हणाले? "कवळीला आधीच तडा गेला होता. घरी पाडली असेल हिने."

"काहून पाडली गं? सांभाळून ठिव म्हनलं व्हतं का न्हाई?" वडिलांनी तिच्या पाठीत धपाटा घातला.

आरती माझ्याकडे बघत राहिली. तिने सगळं पाहिलं होतं. पण तळहात ओठांवर घट्ट दाबलेला. दात नसताना ही पोरगी कुणासमोर तोंड उघडत नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर माझी जीभ एवढी चालली! वर "मारू नका हो लेकराला" असंही म्हणाले मीच.

नवी कवळी करून दिली. जबडा वाढतो तशी ती बदलावी लागते, म्हणून आरती येत राहिली. आज सांगू, पुढच्या खेपेला सांगू — असं करत सहा वर्षं गेली.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आली. जुनी कवळी हातात घेतली तर जराही झिजलेली नाही. वापरत नाहीस का गं, असं मी विचारलं. ती तळहाताआडून म्हणाली,

"न्हाई म्याडम. डबीतच ठिवते. शाळेत नेली आन् पडली म्हंजे? लहानपनी पाडलीच की मी."

पाडलीच की मी! तिला आता तसंच आठवतं. म्हणजे एवढी वर्षं ती वर्गात तोंडावर हात ठेवूनच बसली होती — माझ्यामुळे.

वडील शेजारीच उभे होते. सांगायला याहून बरी वेळ कुठली होती? मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "शहाणी गं माझी बाई."