सासूबाईंची नीळ आणि भिंतीवरचं लग्न

आमच्या घरच्या भिंतीवर माझं लग्न पहिल्यांदा लागलं, तेव्हा नवरी भोपळ्यासारखी फुगलेली आणि सासरे पार वाकडे. मी म्हटलं, "अहो, हे दाखवायला आणलं का हे डबडं?" ह्यांनी हत्यारांची पेटी पुढे ओढली. आमचे हे मनाला काही लागलं की बोलत नाहीत, पेचकस शोधतात.

डबडं म्हणजे प्रोजेक्टर. चिखलीतला एक क्लास बंद पडला, तिथून जुनाच आणलेला. कारण सासूबाई. त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय. समोर पाहिलं की माणसाचं तोंडच गायब, कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेही हळूहळू जाईल. घरी येऊन त्या एवढंच बोलल्या, "जाऊ द्या. पण त्याच्या आधी एकडाव मले त्याहीले चालता-बोलता पाहू द्या." सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. हलते-बोलते ते एकाच ठिकाणी उरलेत, आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. ती पेनड्राइव्हवर उतरवून टीव्हीला लावून पाहिली, तर सासूबाई म्हणाल्या, "मुंग्या चालून राह्यल्या नुसत्या." मग ह्यांनी ठरवलं, बाबांना भिंतीएवढं करायचं.

पण सासूबाई दिवेलागणीला जेवून झोपणाऱ्या, त्यामुळे दाखवायचं ते भर दुपारी. आणि आमच्या धाड गावची दुपार! दार लावलं तर टिनाच्या फटीतून आत येते. पहिल्या दिवशी भिंतीवर चित्र वाकडं, त्यातही धुकं. ह्यांनी खिडकीला ताडपत्री ठोकली, त्यावर गोधडी टांगली, फटींमध्ये कापूस कोंबला. प्रोजेक्टर तिरपा ठेवला होता म्हणून चित्र सुपासारखं वर पसरत होतं. डाळीचे डबे एकावर एक रचून त्याला भिंतीच्या बरोबर समोर सरळ बसवलं. जाळीतली धूळ काढली, काचेवरचे बोटांचे डाग मऊ फडक्यानं पुसले. दर वेळी चित्र थोडं उजळायचं. मी वरून टोमणे मारत होते, पण खरं सांगते, मला कौतुकच वाटत होतं. मिक्सरचं झाकण नीट बसवा म्हटलं तर कंटाळणारा माणूस हा!

भिंत खडबडीत, म्हणून पडद्यासाठी पांढरी चादर काढली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा. त्याहीले पाहाचं त चादर मीच धुईन." ह्यात कोणाची बिशाद आहे मधे बोलायची? सासऱ्यांची धोतरं त्यांनी जन्मभर स्वतः धुतली, शेवटच्या पाण्यात नीळ घालून. आठवडी बाजाराच्या गर्दीत सासरे लांबून धोतरावरून ओळखू यायचे, म्हणतात. तर त्यांनी चादर धुतली, आणि दिसत नव्हतं म्हणून नीळ घालतच राहिल्या. चादर वाळली ती चांगली निळीशार.

मी तोंड उघडणार, तर ह्यांनी डोळे वटारले.

"कशी झाली बे चादर?" सासूबाईंनी विचारलं.

"बगळ्यावानी, माय," हे म्हणाले.

बगळा कसला! पडद्यावर सगळं लग्न विहिरीत बुडालेलं. माझी हळद हिरवी, भटजी निळे. मी हळूच म्हटलं, "दुसरी चादर लावून टाकू ना गुपचूप."

"ती हात लावून पाहील. कापड ओळखते ती," हे म्हणाले. "आणि तिनं धुतली ना. हीच राहील."

मग बसले हे रिमोट घेऊन. चादरीचा रंग काढता येत नाही, तर प्रोजेक्टरमधलाच निळा कमी करत गेले. लाल जरासा वाढवला, पुन्हा कमी केला. सासऱ्यांच्या धोतरावर चित्र थांबवून ठेवलं होतं. ते पांढरं झालं की बाकीचं आपोआप बरोबर येईल, म्हणाले. चहा गार झाला, हे उठले नाहीत. आणि आलं की हो! हळद पिवळी झाली, माझा चुडा हिरवा झाला, धोतर पांढरं. मी नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा "वा!" म्हटलं असेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंना पडद्याजवळ खाटेवर बसवलं. कोंबडी दाणा पाहते तशी मान तिरपी करून त्या पाहू लागल्या. सासरे मांडवात आले, कोणावर तरी ओरडले, मिशीवरून हात फिरवला.

"दिसले का व माय?" हे खाटेशी वाकले.

"तोंड नाही दिसत बाप्पा."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. इतकं करून काय उपयोग, असं मनात आलंच.

सासूबाईंनी मान अजून वळवली. "पण थेच हायेत. धोतर पाह्य ना कसं पांढरंफट हाये. अख्ख्या मांडवात असं कोणाचंच नाही." मग चादरीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाल्या, "माह्या हातची नीळ हाये बे."

सासरे पडद्याबाहेर गेले, तशा म्हणाल्या, "पुन्हा बोलाव त्याहीले."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. प्रोजेक्टर झकास चालू होता, आणि हे खाली वाकून पेचकस शोधत होते.