सूर नसलेला सिनेमा

कुठलीही गोष्ट समजली नाही की काकाजी डोक्यावरची टोपी मागे सरकवायचे आणि म्हणायचे, "असंन बाप्पा." असा माणूस तुमच्याही गल्लीत एखादा असेल.

पिपरी मेघे गावात ते आमच्या समोर राहायचे. जन्मभर त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवलं. वरातीच्या पुढे ते, मागे सगळं गाव.

एकदा पुण्याची एक मुलगी त्यांच्यावर माहितीपट करायला आली. काकाजींनी बँडचा लाल कोट इस्त्री केला, वाद्य पुसून ठेवलं. मुलीने दोरीवरचा कोट टिपला, कांदा चिरणारे त्यांचे हात टिपले, भिंतीवरची सावली टिपली. वाजवा म्हणून काही म्हणेना.

चौथ्या दिवशी काकाजी माझ्याकडे आले. "मास्तर, हे पोरगी मले वाजवू काऊन नाई देऊन राह्यली?"

मी शाळेतला माणूस, मला कळत असेल असं त्यांना वाटलं. मला काहीच कळत नव्हतं. हा वेगळ्या धर्तीचा सिनेमा असतो, एवढंच मी सांगितलं.

"असंन बाप्पा."

शेवटच्या दिवशी त्यांनी न विचारताच अंगणात उभं राहून वाजवायला घेतलं. अर्धा तास वाजवलं. तसं वाजवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मुलीने कॅमेरा वळवला तो मात्र त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे. त्या तूर निवडत होत्या.

सिनेमा शाळेच्या हॉलमध्ये दाखवला. वडनेरहून बँडचे जुने साथीदार एसटीने आले होते. सूर कुठे ऐकूच येईना. लोक चुळबुळले, काही उठून गेले. शेवटी पडद्यावर फक्त काकूंचा चेहरा आला. हात सुपात थांबलेले, डोळे मिटलेले. त्यालाही आवाज नव्हता.

घरी येताना काकाजींनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "वरातीत बायको कुठी येते, मास्तर? घरी रियाज केला तं तुमची काकू भांडे घासत राहे. आयकते, हे मले मालूमच नोतं."

ते खूश होते की दुखावले होते, मला अजून सांगता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकाजी गेले. तेराव्यानंतर काकूंनी मला अंगणातलं त्या दिवशीचं वाजवणं मागितलं. मी मुलीला फोन केला. ती म्हणाली की त्या दिवशी तिने आवाज घेतलाच नव्हता, तिला फक्त ऐकणारा चेहरा हवा होता.

तिने पाठवलेला तो तुकडा मी मोबाइलवर लावला. काकूंनी स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलंही नाही. मोबाइल उचलून कानाला लावला आणि वाट पाहत राहिल्या.

"आवाज बारीक आहे का, मास्तर?"

मी म्हणालो, "हो काकू, बारीक आहे."